पाच आत, पाच बाहेर

१

आमच्या कंट्रोल रूमला एक खिडकी आहे, पण तिच्यातून टोलनाक्याच्या पत्र्याशिवाय काही दिसत नाही. पिंपळगावपासून चांदवडच्या पुढच्या चढापर्यंतचा हायवे मी गेली नऊ वर्षं सांभाळते आहे, तो फक्त कानांनी. रस्ता दुरुस्त करणाऱ्या कंपनीची मी वायरलेस ऑपरेटर. सिंहस्थाची कामं निघाली तेव्हा आमचं, हायवे पोलिसांचं आणि ॲम्ब्युलन्सचं चॅनेल एकच केलं. तेव्हापासून कोणीही कोणाचंही ऐकतं आणि मध्येच बोलतं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं असतं, ते मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. मी म्हणायला लावते. माझ्यामागे मला 'ओव्हरबाई' म्हणतात, तेही मला माहीत आहे.

पण माझं एक काम कोणी चेष्टेवारी नेत नाही. ते म्हणजे मोजणी. लेन बंद करून माणसं आत कामाला जातात, तेव्हा वॉकीटॉकी हातोहात फिरवून प्रत्येकाने आपला आकडा स्वतःच्या तोंडाने सांगायचा. एक, दोन, तीन, चार, पाच. मी वहीत लिहिते. काम संपलं की रस्ता अडवायला ठेवलेले प्लास्टिकचे कोन उचलायच्या आधी परत तेच. पाच आत, पाच बाहेर. आकडा जुळला की मी 'लेन खुली' म्हणते आणि मगच पोलीस गाड्या सोडतात. मुकादमाने सगळ्यांच्या वतीने सांगितलेलं चालत नाही, कारण मुकादम लोक चहाच्या टपरीवरूनही 'सगळे आले' म्हणून मोकळे होतात. आणि ज्याची मोजणी झाली नाही त्याने जागा सोडायची नाही, हा नियम. तो मीच घालून दिलेला आहे.

मल्हारी मुकादमाच्या टोळीतला 'तीन' म्हणजे नवनाथ, माझा नवरा. घरात मी त्याला अहोजाहो करते, पण मोजणीच्या वहीत कोणाला अहोजाहो नसतं, म्हणून इथेही तसंच लिहिते. डांबराच्या धुराने त्याला कायमचा खोकला जडलेला. आकडा सांगण्याआधी तो एकदा बारीक खोकायचा आणि मग म्हणायचा, "तीन. ओव्हर." सगळ्या हायवेवर न सांगता 'ओव्हर' म्हणणारा तो एकटाच. बोलण्यात मात्र पक्का कंजूष. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण 'दमलीस का' एवढंसुद्धा कधी विचारलं नाही. तरी दिवसातून दोनदा तो खोकला ऐकू आला, की माझा जीव भांड्यात पडायचा.

२

जानेवारीतला मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. चढावरची डावी लेन बंद होती. रस्त्याखालून पाणी जायची मोरी गाळाने भरली होती, ती साफ करायला मल्हारीची टोळी आत गेली होती. आठ वाजता मी मोजणी घेतली होती. पाच.

"कंट्रोल, चालू लेनवर कांद्याचा पिकअप आडवा झालाय," पोलिसांचा आवाज आला. "रस्ता पूर्ण बंद. ओव्हर."

पोलीस आपणहून 'ओव्हर' म्हणाले, तेव्हाच मी सावरून बसले. पाठोपाठ वाल्मीक बोलला. हा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, एरवी चॅनेलवर टवाळक्या करणारा.

"ताई, बाळंतपणाची पेशंट हाय. रक्त थांबत नाय तिचं. नाशिकला न्यायचीय. तुमची बंद लेन उघडा लवकर."

"मल्हारी, माणसं मोरीतून वर घ्या. मोजणी द्या. ओव्हर."

वॉकी फिरला. मल्हारीचा दणकट 'एक' आला. मग दोन, तीन, चार, पाच. मी वहीवर पेन टेकवलं, बटणाकडे हात नेला, आणि तेवढ्यात अजून एक आवाज आला.

"सहा."

वॉकी तोंडाशी धरूनच बोललेला, स्वच्छ.

"मल्हारी, आत पाच गेले होते. हा सहा कोण? ओव्हर."

"सहा? नाय मॅडम, पाचच हायेत. माझ्यासमोरच उभे हायेत."

"परत घ्या."

परत घेतली. एक, दोन, तीन, चार, पाच. जरा थांबून, सहा.

"झाले बघा पाच," मल्हारी म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्याने खरंच पाच ऐकले होते.

"पाच काय आन् सहा काय, नंतर बघा ना ताई!" वाल्मीक ओरडला. "बाई पांढरी पडलीय हितं!"

माझ्या नियमाप्रमाणे आकडा जुळला नाही तर लेन उघडायची नाही. पण नियम केला तेव्हा मी कमी भरणाऱ्या माणसाचा विचार केला होता, जास्तीच्या माणसाचा नाही. एक कमी असता तर जीव गेला तरी मी हो म्हटलं नसतं. जास्त आहे म्हणजे कोणी मागे राहिलेलं नाही, असं मी मनाशी म्हटलं. कोणीतरी घाईत दोनदा बोललं असेल. मी वहीत 'पाच' लिहिलं.

"मोजणी बरोबर. लेन खुली. ओव्हर."

दुपारी वाल्मीकने सांगितलं, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मला इतका आनंद झाला की टोलवरच्या सगळ्यांना मी माझ्या खर्चाने चहा पाजला.

३

आम्ही इंदिरानगरला तळमजल्यावर राहतो. मी, नवनाथ आणि सासूबाई. कुसाबाई त्यांचं नाव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना गावाची आठवण येते. माणूस ओळखतात तो आवाजावरून. फाटकाची कडी वाजली की दूधवाला का शेजारची पोरगी, हे त्या आतूनच सांगतात. संध्याकाळी ताटं मांडायचं काम त्यांनी कोणाला दिलेलं नाही.

त्या दिवशी सात वाजता नवनाथ आला. अंघोळ करून माझ्यासमोर जेवायला बसला. मी मेथीची भाजी वाढायला घेतली आणि पाहिलं, तर ताटं चार होती.

"आई, कोणी येणारे का?"

"कोण येणार? नवनाथ यायचाय ना अजून."

नवनाथ त्यांच्या हातभर अंतरावर बसला होता. भाकरी मोडत होता.

"आई, आलेत की हे. हे काय, तुमच्या शेजारी."

सासूबाईंनी मान वाकडी करून कान दिला. नवनाथही भाकरीचा हात थांबवून त्यांच्याकडे बघत राहिला.

"नाय बाई," त्या म्हणाल्या. "अजून नाय आला."

मी हसले. मोतीबिंदू वाढला, आता ऐकूही कमी येतंय, असं म्हणून चौथं ताट उचलून ओट्यावर ठेवलं. नवनाथ हसला नाही. तो खाली बघून जेवला. उठताना मला म्हणाला, "दमलीस का?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की हा आल्यापासून एकदाही खोकलेला नाही.

४

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग काढलं. चॅनेलवरचं सगळं बोलणं कॉम्प्युटरमध्ये साठतं. मी हेडफोन लावला आणि मोजणी ऐकली.

रेकॉर्डिंगमध्ये सहाही आवाज होते. एवढ्यानेच मला हायसं वाटलं, की चला, माझे कान तरी शाबूत आहेत. मग परत, नीट ऐकलं.

'तीन' नवनाथच्या आवाजात होता, पण त्याच्याआधी खोकला नव्हता आणि नंतर 'ओव्हर' नव्हतं. 'पाच' झाल्यावर थोडी खरखर. मग बारीक खोकला. मग "सहा". आणि त्याच्यामागे, मी त्या वेळी बटण दाबून मल्हारीशी बोलायला लागले म्हणून अर्धवट राहिलेलं, "ओव्ह..."

मी ते अकरा वेळा ऐकलं. डोकं चालवून पाहिलं. नवनाथनेच दोन्ही आकडे सांगितले असतील. पण कशाला? थट्टा करणारा माणूस तो नाही. दुसऱ्या कोणी त्याची नक्कल केली असेल. मग मल्हारीला ती समोर उभं राहून ऐकू कशी आली नाही? मशीन बिघडलं असेल. मशीनला खोकला होत नाही.

मी नवनाथला फोन लावला.

"अहो, काल मोजणीत दोनदा बोललात का तुम्ही?"

"नाही. तीन म्हणालो आणि वॉकी पुढे दिला."

"आणि खोकला कुठे गेला तुमचा?"

मग त्याने विचारलं, "कुठला खोकला?"

फोन ठेवल्यावर मी मोजणीची वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, बाहेर पाच. आणि मला पहिल्यांदा ते सरळ दिसलं. जास्तीचा माणूस म्हणजे कोणी मागे राहिलेलं नाही, हे खोटं होतं. सहा जण मोजायला उभे होते. मी पाच लिहिले. म्हणजे एकाला मीच आत ठेवलं.

संध्याकाळी ताटं परत चार होती. या वेळी मी काही बोलले नाही. नवनाथनेच उठून चौथं उचललं.

५

गुरुवारी टोळी पिंपळगावजवळ खड्डे बुजवत होती, चढापासून कितीतरी लांब. दुपारी अडीचला मी मोजणी घेतली. पाच आकडे आले, पाच लिहिले. बटण न दाबता थांबून राहिले. का थांबले ते मला माहीत होतं.

खरखर. खोकला.

"सहा. ओव्हर."

आवाज मंगळवारपेक्षा थकलेला होता. सर्दी झाल्यासारखा जड. चॅनेलवर पोलीस होते, वाल्मीक होता, मल्हारी होता. हा सहा कोण, असं कोणीच विचारलं नाही.

"सहा, तुमचं ठिकाण सांगा. ओव्हर." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मोरीत आहे. चढावरच्या." थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. "माझी मोजणी राहिली, कंट्रोल. मोजणीशिवाय जागा कशी सोडू? ओव्हर."

मी खुर्चीत बसून रडायला लागले. कारण हे असं बोलणारा जगात एकच माणूस होता. वरून गाड्या जात असतील, गुडघाभर गाळात तो बसला असेल, आणि नियम म्हणजे नियम म्हणून थांबला असेल. नियम त्याच्या बायकोचा होता ना.

"कंट्रोल, कोणाशी बोलताय?" पोलिसांनी विचारलं. "इकडे काही ऐकू येत नाही. ओव्हर."

आता मी काय सांगणार होते? मंगळवारी सहा जण होते, मी पाच लिहिले, असं? ज्याला शोधायचं तो माणूस पिंपळगावजवळ खड्ड्यात खडी टाकत होता, रोज हजेरी लावत होता. मी मल्हारीला फोन करून सांगितलं, की मोरीत कंपनीचा पंप राहिलाय, उद्या लेन बंद करून बघायचं, मीही येणार.

"पंप तर मी सोता गाडीत टाकला मॅडम."

"तरी बघायचं."

६

शुक्रवारी चार वाजता आम्ही चढावर होतो. लख्ख ऊन. पोलिसांनी दहा मिनिटं दिली होती. सेट दुसऱ्या ऑपरेटरकडे देऊन मी वॉकी हातात घेतला होता. मोजणी मीच घेणार, असं सांगून ठेवलं होतं. कोन लागले, टोळीने आत जाताना आकडे दिले. पाच.

"तुम्हाला धरून सहा होतील ना, मॅडम?" मल्हारीने विचारलं.

"मोजणारा स्वतःला मोजत नाही," मी म्हणाले.

टोळी रस्त्यावरच उभी राहिली. मी एकटी उतारावरून खाली मोरीपाशी गेले. नऊ वर्षं जिचं नाव ऐकत होते ती मोरी पहिल्यांदा बघत होते. सिमेंटचा एक मोठा पाइप, वाकून आत जाता येईल एवढा. पलीकडच्या टोकाला उजेडाचा गोल. तळाला काळं पाणी. कुजक्या पाल्याचा वास. पंप वगैरे काही नव्हतं.

मधोमध कोणीतरी बसलं होतं.

पाठ माझ्याकडे. भगवं जॅकेट, त्यावरची चमकती पट्टी. गुडघे जवळ घेतलेले आणि डावा हात मानेवर. जेवण झाल्यावर नवनाथ दारात असाच बसतो.

"अहो," मी म्हणाले.

"काय गं?" वरून, रस्त्यावरून, नवनाथने उत्तर दिलं.

आणि पाइपातल्या माणसाने मान हलवली. ऐकल्यासारखी.

मी वॉकी तोंडाशी नेला. ठरवून आले होते. आज खरा आकडा सांगायचा, सगळ्यांच्या देखत, मग नोकरी गेली तरी चालेल. सहा म्हणायचं आणि त्याला हाताला धरून बाहेर काढायचं. पुढचं पुढे.

"मोजणी द्या. ओव्हर."

वर आकडे सुरू झाले. एक. दोन. तीन, खोकल्याशिवाय. चार. पाच. मग पाइपात तो खोकला आला. एकदम दोन्हीकडून आला, वॉकीतून आणि समोरून.

"सहा. ओव्हर."

"या," मी म्हणणार होते. शब्द ओठांवर होता. तेवढ्यात खोकला परत आला. तोच, तसाच बारीक. पण बसलेल्या माणसाकडून नाही. त्याच्याही पलीकडून.

"सात. ओव्हर."

पलीकडचा उजेडाचा गोल खालून थोडा काळा झाला. मग बाजूने. मग आणखी मागे कुठेतरी, तोच खोकला.

"आठ. ओव्हर."

सगळे नवनाथच्या आवाजात. सगळे शिस्तीत, आपापल्या आकड्याची वाट बघून. एवढ्या माणसांना बसायला त्या पाइपात जागा नव्हती. मी डोळे बारीक करून बघत होते आणि मला कळत नव्हतं की हाक मारायची ती कोणाला.

माझं मनगट कोणीतरी धरलं. नवनाथ उतारावरून खाली आला होता. पाइपात त्याने बघितलंच नाही, मोरीकडे पाठ करून उभा होता.

"उज्ज्वला," तो म्हणाला. चारचौघांत त्याने माझं नाव कधीच घेतलेलं नाही. "पाच म्हण."

"कोण आहेत ते?"

"मला नाही माहीत. खरंच नाही माहीत." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी बाहेर आलो ना पण? तू मोजलंस ना मला?"

"नऊ," पाइपातून आलं. "ओव्हर."

"कंट्रोल," पोलीस म्हणाले, "दहा मिनिटं झाली. गाड्यांची रांग पार मागे गेलीय. मोजणी सांगा."

मी नवनाथकडे बघितलं. मी पाइपाकडे बघितलं. मधला माणूस आता हळूहळू मान वळवत होता, गालाची कड दिसायला लागली होती. अजून एक क्षण थांबले असते तर चेहरा दिसला असता. तो त्याचा असेल याचीही मला भीती वाटली आणि नसेल याचीही.

मी बटण दाबलं.

"पाच. मोजणी बरोबर. लेन खुली. ओव्हर."

खोकले थांबले. वर पहिला ट्रक सुटला, त्याच्या वजनाने मोरी दणाणली. माझा नवरा आत असेल, तर त्याने ते ऐकलं. आणि तो नियम मोडणारा माणूस नाही.

७

या गोष्टीला दीड महिना झाला. मोजणीला आता पाचच आकडे येतात. पाच झाल्यावर मी थोडी थांबते, नुसती खरखर असते. माझ्या कानांना सवय झाली म्हणून ऐकू येत नाही की काय, ते सांगता येत नाही.

नवनाथ माझ्याशी फार चांगला वागतो. दमलीस का, विचारतो. पाणी आणून देतो. झोपेत मात्र तो कधीकधी माझा हात घट्ट धरतो आणि विचारतो, "मोजलंस ना?" मी हो म्हणते. मला त्याची दया येते, आणि स्वतःची लाज वाटते, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत असताना झोप लागत नाही.

सासूबाई आता नवनाथ आला का म्हणून विचारत नाहीत. दिवेलागणीला त्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसतात आणि फाटकाच्या बाजूला कान लावून ताटं मांडतात. परवापर्यंत चार असायची.

काल मी आमटीचं पातेलं घेऊन आले, तर त्या अजून मांडतच होत्या. भिंतीपाशी जागा संपली, तेव्हा त्यांनी एक ताट दाराबाहेर ठेवलं.

"आई, हे कोणासाठी?"

"येतायत बाई," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "खोकला ऐकू येतोय. तू वाढ."

नवनाथ त्याच्या ताटावर खाली मान घालून बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी वाकले आणि एकेका ताटात आमटी वाढत दाराकडे गेले. मोजलं मात्र नाही.